पाण्याखालचें देऊळ

जीं स्थळें बारमाही आपल्या जागीं असतात, तीं पाहावयास मनुष्य सवडीनें जातो. आज नाहीं तर उद्यां, उद्यां नाहीं तर पुढल्या सुटींत, असा त्याचा हिशेब असतो आणि तो सहसा चुकतही नाहीं. सिंहगड कोठें पळून जात नाहीं, कीं पर्वतीच्या पायऱ्या कोणी उचलून नेत नाहीं. परंतु भोर तालुक्यांत एक देऊळ असें आहे कीं, त्याच्या दर्शनाची सवड माणसानें नव्हे, तर पाण्यानें द्यावी लागते. वेळवंड खोऱ्यांतील कांबरे गांवाजवळचें कांबरेश्वराचें हें शिवालय वर्षांतील बहुतेक महिने भाटघर धरणाच्या पाण्याखालीं असतें. उन्हाळ्याच्या अखेरीस धरण आटलें, म्हणजे प्रथम शिखर, मग भिंती आणि सरतेशेवटीं चौथरा, असें क्रमाक्रमानें तें वर येतें. आणि पावसानें ओढे-नाले वाहूं लागले, कीं उलट क्रमानें पुनः पाण्यांत जातें. यंदाच्या उन्हाळ्यांत आम्ही सहकुटुंब तेथें जाऊन आलों. तें जाणें निव्वळ सहलीसाठीं नव्हतें. त्याची हकीकत सांगावी, म्हणजे ज्या घरांतून वडील माणसें अजून हिंडतीं-फिरतीं आहेत, त्या घरांस तिचा कांहीं उपयोग होईल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमच्या थोरल्या काकू, ज्यांस घरांतील लहानथोर सर्वजण माई म्हणत, त्यांचें माहेर या खोऱ्यांतलें. १९२८ सालीं भाटघरचें मोठें धरण पुरें झालें आणि वेळवंडी नदीचें पाणी मागें मागें तुंबत गेलें, तेव्हां त्यांच्या वडिलांचें राहतें घर, पुढील अंगण, मागील परसू आणि नदीकांठचीं भाताचीं खाचरें हीं सर्व पाण्यांत गेलीं. माईंचा जन्म त्यानंतरचा, डोंगराच्या उतारावर नव्यानें बांधलेल्या घरांतला. म्हणजे ज्या घराविषयीं त्या जन्मभर बोलत राहिल्या, त्याचा उंबरठा त्यांनीं एकदांही ओलांडलेला नव्हता. परंतु त्या लहान असतांना, पाणी उतरलें कीं वडील त्यांस बोटाला धरून खालीं नेत, देवळाच्या दारापासून पावलें मोजीत, आणि गाळांतून डोकावणाऱ्या एका दगडी जोत्यापाशीं थांबून म्हणत, "हें आपलें माजघर, ही देवघराची जागा आणि येथें तुझ्या आजीची तुळस." देवळापासून जोत्यापर्यंत एकशें बारा पावलें. हा आंकडा माईंनीं आम्हां सर्वांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता.

चैत्र सरला कीं त्या विचारूं लागत, "पाणी उतरलें का रे?" काका होते तोंपर्यंत ते त्यांस दरवर्षीं नेत. काका गेल्यावर तें काम आमच्याकडे आलें. एक-दोन वर्षें तें आम्हीं निभावलें. पुढें एका वर्षीं मुलांच्या परीक्षा आल्या, एका वर्षीं घरांत कार्य निघालें. २०२० सालीं तर सारें जगच दारें लावून बसलें होतें. दर वेळीं आम्ही म्हणत असूं, "माई, पुढल्या वर्षीं नक्की." त्यांनीं कधीं त्रागा केला नाहीं. "बरें," एवढेंच म्हणून त्या हातांतील निवडायच्या तांदळांकडे वळत. एका वर्षीं मात्र मे महिन्याच्या अखेरचा दिवस ठरला, गाडी सांगून झाली, माईंनीं देवासाठीं वाती वळून ठेवल्या. आणि पाऊस मृगाची वाट न पाहतां मे महिन्यांतच कोसळला. पुढला माघ महिना माईंनीं पुरा पाहिला नाहीं. आठ दिवसांच्या ज्वराचें निमित्त झालें आणि वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं त्या गेल्या.

मोठ्या घरांत माणूस गेलें, म्हणजे पहिले तेरा दिवस दुःखाला जागा नसते. येणारे-जाणारे, विधि, स्वयंपाक, अंथरुणें यांतच दिवस संपतो. दुःख येतें तें मागाहून, आणि तें अगदीं क्षुल्लक वस्तूंच्या मिषानें येतें. गच्चींतील पक्ष्यांच्या पाण्याचें परळ कोरडें पडलेलें दिसतें, तेव्हां कळतें कीं तें रोज कोणीतरी भरीत होतें. दूध उतूं जातें, तेव्हां लक्षांत येतें कीं ओट्यापासून दोन खोल्या दूर बसूनही त्याचा आवाज ओळखणारा एक कान घरांत होता. दिनदर्शिकेचें पान महिना उलटला तरी तसेंच राहतें. आमच्या घरीं तर एक बरणी शिल्लक होती. माईंनीं आदल्या वर्षीं स्वहस्तें घातलेल्या कैरीच्या लोणच्याची ती शेवटची बरणी. दादरा बांधलेली ती बरणी फडताळांत तशीच उभी होती. कोणी उघडीना आणि कोणी तिजविषयीं बोलेना. संपली तर माईंच्या हातची चव कायमची संपेल, ही भीति. आणि न उघडावी तर लोणचें तसेंच खराब होणार, हेंही दिसत होतें. वैशाख लागला तेव्हां आम्हीं घरांत सांगितलें, "यंदा जायचें." कोणीही कोठें म्हणून विचारलें नाहीं.

दोन दिवस हातीं होते, म्हणून पहिला दिवस वेल्ह्याकडे काढला. पुण्याहून सातारा रस्त्यानें कात्रज ओलांडून चेलाडीच्या फांट्याशीं आलें, म्हणजे नसरापुरावरून वेल्ह्याची वाट फुटते. जवळच बनेश्वराची गर्द राई आहे. तेथें कुंडाच्या गार पाण्यानें तोंड धुऊन पुढें निघालें, कीं मार्गासनीपासून तोरणा व राजगड हे दोन्ही गड डोळ्यांसमोर येतात. तोरण्याचें दुसरें नांव प्रचंडगड. पायथ्याच्या वेल्हे गांवांतून वर पाहिलें, म्हणजे तें किती यथार्थ आहे याची खात्री पटते. स्वराज्याच्या आरंभीं हस्तगत झालेल्या गडांत त्याची गणना होते. त्याच्या शेजारचा मुरुंबदेवाचा डोंगर शिवाजी महाराजांनीं बांधून काढला, त्याचा राजगड केला, आणि रायगडास जाण्यापूर्वीं सुमारें पंचवीस वर्षें तेथून राज्य चालविलें. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत राजगड आहे. तालुक्यासही राजगड हें नांव देण्याच्या प्रस्तावास राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ सालीं मान्यता दिली. गांवचीं माणसें मात्र बाजारास जातांना अजून "वेल्ह्याला चाललों" असेंच म्हणतात. नांवें बदलावयास एक आदेश पुरतो. जिभेचें वळण बदलावयास एक पिढी लागते.

उन्हें चढण्यापूर्वीं पाली गांवाकडील वाटेनें आम्ही राजगडावर गेलों. मुलें पुढें धांवत होतीं. आम्ही आपल्या वयाच्या मानानें ठिकठिकाणीं थांबत, दम खात चढलों. पद्मावती माचीवर तळें आहे, देवीचें देऊळ आहे, आणि तेथेंच सईबाई राणीसाहेबांची साधी समाधि आहे. १६५९ सालच्या सप्टेंबरांत त्या राजगडावर वारल्या. संभाजीराजे तेव्हां अवघे दोन वर्षांचे होते. अफजलखान स्वारीस निघालेला होता, आणि नोव्हेंबर महिन्यांत प्रतापगडाखालीं ती सुप्रसिद्ध भेट झाली. आपण इतिहास वाचतों तेव्हां खानाच्या वधाचें प्रकरण उत्सुकतेनें वाचतों आणि मधल्या त्या दोन महिन्यांवरून नजर भरकन् पुढें नेतों. परंतु त्या दगडी समाधीपाशीं उभें राहिलें, म्हणजे मनांत येतें कीं त्या दोन महिन्यांत या गडावर रोज सकाळ होत असेल, दोन वर्षांचें मूल आईला हांक मारीत असेल, त्याला कोणीतरी दूधभात भरवीत असेल, आणि जिजाबाईंच्या डोळ्यांस डोळा लागत नसेल. राज्यें तलवारीनें मिळतात हें खरें. परंतु ज्या घरांतून तलवार निघते, त्या घरांतील दूधभात कोणालाही चुकत नाहीं. आमच्या धाकट्या पुतणीनें समाधीवर चार रानफुलें ठेवलीं. तिला कोणीं सांगितलें नव्हतें.

वेल्ह्याच्या खोऱ्यांतून हिंडतांना दुसरीही एक गोष्ट पुणेकराच्या मनास टोंचल्याशिवाय राहत नाहीं. पानशेत व वरसगांव हीं धरणें याच तालुक्याच्या नद्यांवर आहेत. पहिल्यास तानाजीसागर म्हणतात आणि दुसऱ्यास वीर बाजी पासलकर यांचें नांव आहे. या पाण्यावर पुणें शहर जगतें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि पुण्याच्या पेठांतून पाणी शिरलें. तो दिवस पुण्याच्या जुन्या घरांतून अजून सांगितला जातो, भिंतीवरील पुराच्या खुणा दाखविल्या जातात, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या पाण्याखालीं जीं गांवें, जीं खाचरें कायमचीं गेलीं, त्यांची खूण आमच्या कोणत्याही भिंतीवर नाहीं. आमच्यावर पाणी एक दिवस आलें. त्यांच्यावर आलेलें पाणी परत गेलेंच नाहीं. सकाळीं तोटी फिरवून तांब्या भरतांना आपण कोणाच्या तरी अंगणावरचें पाणी घेत आहों, हें आम्हांस वयाची पन्नाशी उलटल्यावर प्रथम कळावें, यांत आमची शोभा नाहीं. धरणें बांधूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. भाटघरच्याच पाण्यानें नीरेच्या दोन्ही कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तहानलेल्या भागांचें सोनें झालें. आमच्या चहांतील साखर त्याच उसाची असेल. घेणाऱ्यानें निदान देणाऱ्याचें नांव जाणून घ्यावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

खोऱ्यांतील शेतकरी त्या दिवसांत पावसाच्या तयारींत होते. भाताचें रोप जेथें टाकावयाचें, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा व कवळ पसरून तो भाजलेला दिसत होता. काळी राख पाहून मुलांस वाटलें कीं वणवा लागला असावा. पुढें त्याच राखेंत बीं पेरतात आणि आषाढांत तें रोप उपटून खाचरांतून लावतात. भाताला एक जागा उगवावयास लागते आणि दुसरी वाढावयास; उपटल्यावांचून त्याचें पीक होत नाहीं. हें दृश्य आम्हीं लहानपणापासून शेंकडों वेळां पाहिलें असेल, परंतु त्या दिवशीं तें जणूं प्रथमच पाहिलें.

मुक्कामास आम्ही भोरास आलों. नीरेच्या कांठीं वसलेलें हें गांव पंतसचिवांची राजधानी. सध्यांचा राजवाडा १८६९ सालचा, चिमणाजी रघुनाथ यांच्या कारकीर्दींतला. चौकाभोंवतीं कोरीव लांकडी खांब, कमानी आणि वर सज्जा अशी त्याची ठेवण पाहून आमचीं मुलें आश्चर्यानें ओरडलीं, "हा तर सिनेमांतला वाडा!" आणि तें खरेंच होतें, कित्येक चित्रपटांच्या चित्रीकरणास हा वाडा उपयोगीं पडला आहे. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणेंतील इतर संस्थानांबरोबर भोरचेंही संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. सत्ता गेली, वाडा राहिला, रामनवमीच्या उत्सवाचा मान राहिला. ज्या चौकांत एके काळीं खरे दरबार भरले, तेथें आतां लटके दरबार भरतात आणि सायंकाळीं दिवे विझवून मंडळी निघून जातात. हें पाहून हंसावें कीं विषाद मानावा, तें ज्याच्या त्याच्या वृत्तीवर आहे. आम्हांस तर वाटलें कीं वाडा पडून जाण्यापेक्षां हें पुष्कळ बरें.

सचिव या पदाचा अर्थ मुलांनीं विचारला. अष्टप्रधानांत सचिवाचें, म्हणजे जुन्या भाषेंत सुरनिसाचें, काम असें कीं राजपत्रें नीट वाचावीं, मजकुरांत अधिकउणें असेल तें शुद्ध करावें, हिशेब तपासावे आणि मग आपलें चिन्ह करावें. थोडक्यांत, लक्ष देणें हाच ज्याचा अधिकार, तो सचिव. या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांनीं राजाराम महाराजांच्या कठीण काळांत मावळांतील किल्ले पुनः मिळवून राखले. आणि पुढें ताराबाई व शाहू महाराज यांच्यांतील कलहांत, एकीकडे दिलेला शब्द आणि दुसरीकडे धन्याचा वंश, अशा पेंचांत सांपडून १७०७ सालीं त्यांनीं स्वतःच देह ठेवला. त्यांची समाधि भोरजवळ अंबवडें येथें, झाडींत, ओढ्याच्या कांठीं आहे. जो दुसऱ्यांच्या पत्रांतील चूक क्षणांत ओळखीत असे, त्याला आपल्या आयुष्याचा मजकूर कसा शुद्ध करावा हें न उमगावें, हा विचार तेथून निघतांना बराच वेळ आमची पाठ सोडीना.

भोरहून पश्चिमेस जाणारा रस्ता वरंधा घाटानें महाडाकडे उतरतो. त्या घाटाच्या पायथ्याच्या बाजूस शिवथरची घळ आहे, जेथें समर्थ रामदासांनीं दासबोध रचिला असें परंपरा मानते. यावेळीं तेथवर जाणें झालें नाहीं. परंतु रात्रीं अंगणांत बसलों असतां समर्थांच्या लग्नाची गोष्ट निघाली. बोहल्यावर "सावधान" हा शब्द कानीं पडला आणि बारा वर्षांचा तो मुलगा खरोखरच सावध होऊन चालता झाला, ही कथा आपल्या घरोघरीं लहान मुलांसही ठाऊक आहे. त्या मंडपांत इतरांनींही तोच शब्द ऐकला होता; परंतु ऐकिला एकानेंच. हल्लीं शहरांतून "माइंडफुलनेस" या नांवानें वर्ग भरतात, दूरध्वनीच्या यंत्रावरही त्याचे पाठ मिळतात. इगतपुरीस १९७६ पासून विपश्यनेचें मोठें केंद्र चाललें आहे आणि तेथें देशोदेशींचे लोक येऊन दहा दिवस मौन पाळून बसतात. यांतील कशासही आम्ही हंसत नाहीं. ज्याला ज्या वाटेनें जाग येईल ती त्याला चांगली. परंतु आपल्या भाषेंत या गोष्टीस "सावध" हा शब्द पूर्वींपासून आहे, आणि तो नेमका लग्नाच्या, म्हणजे संसाराच्या उंबरठ्यावर उच्चारला जातो, हें विचार करण्याजोगें आहे. संसार सोडणाऱ्यापेक्षां संसारांत शिरणाऱ्यासच सावधपणाची अधिक गरज, असें तर तो शब्द घालणाऱ्यांच्या मनांत नसेल? माईंनीं कधीं ध्यानधारणा केली नाहीं. परंतु ताटांतील मीठ, मुलाच्या कपाळाचा ऊन-गारवा, दारांत आलेल्या माणसाचा चेहरा, यांतील कांहीं त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. सुटलें तें आमच्या. "बरें" म्हणून तांदळाकडे वळतांना त्यांचा चेहरा कसा होत असे, तें आठवूं गेलें तर आठवत नाहीं; कारण त्या क्षणीं आम्हीं तिकडे पाहिलेंच नव्हतें.

दुसरे दिवशीं पहांटे कांबऱ्याच्या वाटेस लागलों. धरणाच्या कडेकडेनें रस्ता आंत शिरतो. पाणी पुष्कळ खालीं गेलें होतें. डोंगराच्या उतारावर पाण्याच्या पूर्वीच्या पातळ्यांच्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणें दिसत होत्या. वाटेंतील एका वाडीवर बायका रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या होत्या. साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी ज्या धरणांत मावतें, त्याच्या कांठची ही स्थिति. गाडी वर ठेवून, भेगाळलेल्या गाळावरून आम्ही खालीं उतरलों. आणि समोर तें देऊळ दिसलें: काळ्या दगडाच्या भिंती, वर चुन्या-विटांचें शिखर, अंगावर वाळलेल्या शेवाळाचा करडा थर. जवळजवळ शंभर वर्षें दरसाल बुडून दरसाल वर येणारें हें बांधकाम अजून आपल्या पायावर उभें आहे. गाभाऱ्यांतील गाळ गांवकऱ्यांनीं काढला होता. पिंडीवर ताजें पाणी आणि बेल होता.

देवळाच्या सावलींत सत्तरीच्या घरांतले एक शेतकरी बसले होते. माईंबरोबर पूर्वीं येत असूं, तेव्हां त्यांची गांठ पडत असे. त्यांनीं आम्हांस ओळखलें, रामराम केला, मुलांकडे पाहिलें, आणि आमच्या मागें वर गाडीकडे नजर टाकून म्हणाले,

"औंदाबी आत्या न्हाई आल्या व्हय?"

माई त्या गांवच्या माहेरवाशीण. म्हणून साऱ्या गांवाच्या त्या आत्या. आम्हीं काय घडलें तें सांगितलें. त्यांनीं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कांहीं वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले,

"गेल्या साली म्या जोतं साफ करून ठिवलं व्हतं. म्हटलं, आत्या यायच्या. आन् फुडं दोनच दिसांत पाऊस आला."

आम्ही मान खालीं घालून उभे राहिलों. आमच्या चालढकलीचा हिशेब आतांपर्यंत घरांतल्या घरांत होता; येथें तो दुसऱ्याच्या हातच्या घट्ट्यांवर निघाला. ज्या माणसाचें माईंशीं रक्ताचें नातें नव्हतें, त्यानें उन्हांत त्यांच्यासाठीं गाळ उपसला होता, आणि आम्ही, ज्यांच्या ताटांत त्यांनीं जन्मभर वाढलें, आम्ही दिनदर्शिका चाळीत बसलों होतों. कांहीतरी क्षमेचे शब्द आमच्या तोंडून निघाले असावे. त्यांनीं ते ऐकूनही न ऐकल्यासारखें केलें, उठून देवळामागून एक फावडें आणि एक पाटी आणली, आणि फावडें आमच्या हातीं देऊन म्हणाले,

"मग औंदा तुमी करा."

आम्हीं देवळाच्या दारापासून पावलें मोजलीं. एकशें बारा भरलीं, पण जोतें दिसेना. तेव्हां सौभाग्यवतींनीं सुचविलें कीं, माईंच्या वडिलांचें पाऊल आपल्यापेक्षां मोठें असेल. गांवच्या त्या गृहस्थांनीं हंसून आणखी थोडें पुढें बोट दाखविलें. तेथें गाळांतून एका घडीव दगडाची कड तेवढी वर आली होती. तासदीड तास आम्हीं सर्वांनीं मिळून गाळ काढला. आम्हांस फावड्याची संवय नाहीं; हातांस फोड आले. मुलांनीं पाट्या ओढल्या. हळूहळू एक लांबट चौकोन मोकळा झाला. पुतणीनें विचारलें, "पाऊस आला कीं परत गाळ येणारच ना? मग कशाला काढायचा?"

आम्हांस उत्तर सुचेना. तें त्या गृहस्थांनीं दिलें: "घर तुमी रोज झाडता का न्हाई, पोरी?"

माईंनीं वळून ठेवलेल्या वाती सौभाग्यवतींनीं बरोबर आणल्या होत्या. त्यांतली एक देवापुढें लावली आणि एक त्या जोत्यावर, जेथें तुळस होती असें माई सांगत, तेथें. वारा होता, दिवा फार वेळ टिकला नाहीं. परंतु तो जळत होता तोंवर आम्हीं कोणीं दुसरीकडे पाहिलें नाहीं, आणि कोणीं त्याचें छायाचित्रही काढलें नाहीं.

परत येतांना वाटेंत कैऱ्या विकावयास आल्या होत्या. सौभाग्यवतींनीं गाडी थांबवून चांगल्या घट्ट, रेषाळ कैऱ्या निवडून घेतल्या. घरीं पोंचलों त्या रात्रीं जेवतांना त्यांनीं कोणास न विचारतां फडताळांतील बरणी काढली, दादरा सोडला आणि प्रत्येकाच्या ताटांत डाव्या बाजूस एकेक फोड वाढली. लोणचें उत्तम मुरलें होतें. धाकटी जाऊ डोळे पुसत म्हणाली, "मेथी जरा जास्त आहे, माई नेहमी घालीत तशी." त्यावरून माईंचें प्रमाण कसें, हळद किती, मोहरीची डाळ किती, मीठ आधीं कीं मागाहून, याची चर्चा सुरू झाली. माईंनीं तें कोठें लिहून ठेवलेलें नव्हतें. परंतु एकीस मेथी तळण्याचा रंग आठवत होता, दुसरीस तेल निववण्याची युक्ति, आणि पुतणीस आठवलें कीं माई मीठ मोजतांना मूठ पुरती मिटत नसत. अशा रीतीनें तें प्रमाण जमलें. दुसरे दिवशीं नवें लोणचें घातलें. तें माईंसारखें होईल कीं नाहीं, तें मुरल्यावर कळेल.

मृग लागल्यावर आठ-पंधरा दिवसांनीं कांबऱ्याहून दूरध्वनि आला. "देऊळ पान्यात गेलं. शिखर तेवढं हाय अजून." आम्हीं ती वार्ता घरांत सर्वांस सांगितली. रात्रीं निजानीज झाल्यावर दिनदर्शिकेपाशीं गेलों, तों तिचें पान उलटलेलें होतें. आणि पुढील वर्षीच्या सुटीचे बेत ज्या वहींत आम्ही लिहितों, तिच्या पहिल्याच ओळींत कोणीतरी मुलाच्या अक्षरांत लिहून ठेवलें होतें: "कांबरे. दोन फावडीं न्यायचीं."